यादीबाहेरचा शब्द

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना ओलांडला की डाव्या हाताला नोंदींची खोली लागायची. तिथे एकतीस वर्षं एकच बाई बसत होती. सगळं रुग्णालय तिला ताई म्हणायचं, तिच्याहून दहा-दहा वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा. कारण साधं होतं. तिची धाकटी बहीण वर बायकांच्या वॉर्डात नर्स होती आणि दिवसातून वीस वेळा फोनवर "ताई, ताई" करायची. ऐकणाऱ्यांनी तेच उचललं आणि बाईचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

पेशंट घरी गेला की त्याची फाईल खाली ताईकडे यायची. ताई शेवटचं पान वाचायची. एखाद्या औषधानं पेशंटला त्रास झाला असं त्यात लिहिलेलं असलं, की फाईलच्या पाठीवर लाल टिकली चिकटवायची. कुठल्या शब्दांना टिकली लावायची याची यादी भिंतीवर टांगलेली होती. त्यात अकरा शब्द होते, आणि ताईला ते झोपेतून उठवून विचारले असते तरी म्हणता आले असते. पहिला ॲलर्जी, दुसरा रॅश, तिसरा अर्टिकेरिया, असे पुढे अकरापर्यंत.

यादीत नसलेला शब्द आला तर स्वतःची अक्कल चालवायची नाही, असा नियम होता. तो उगाच आलेला नव्हता. ताईच्या आधीच्या बाईंनी पेशंटला औषध कडू लागलं तरी टिकली लावून अर्धं कपाट लाल करून ठेवलं होतं. म्हणून नवा शब्द दिसला की चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी "विचारा" असं लिहिलेल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची, आणि ज्या डॉक्टरनं तो शब्द लिहिला त्याला सवडीनं गाठून अर्थ विचारायचा. फाईल मात्र अडवायची नाही. ती टिकलीविना कपाटात जायची. अर्थ कळला की मग काढून टिकली लावायची.

आता वरच्या लोकांचं. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की जुनी फाईल वर मागवून बघायची, असा छापील नियम होता. पण तळघरातून तिसऱ्या मजल्यापर्यंत ब्याऐंशी पायऱ्या होत्या, लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव होती, आणि फाईल पोहोचायला पाऊण तास लागायचा. तेव्हा नर्सा फोन करायच्या. "ताई, अमुक नंबर. लाल की कोरी?" ताई उठून कपाटाशी जायची, फाईलची पाठ बघायची आणि सांगायची. कोरी म्हटलं की वर चाचणीची छोटी सुईही न देता सरळ मोठं इंजेक्शन टोचत. वीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

ह्या सगळ्या कारभारात एकाच माणसानं ताईला कामाला लावलं होतं. ते म्हणजे शब्दवाले डॉक्टर. त्वचेचे आणि तापाचे जुने, नामांकित डॉक्टर. हुशारीबद्दल कुणी बोट दाखवणार नाही. पण साधा शब्द हाताशी असला तर तो वापरायचा नाही, ही त्यांची खोड. खाजेला खाज म्हटलं तर ह्यांचं काहीतरी बिघडत असावं. कुठल्या तरी मेलेल्या भाषेतला, धूळ झटकून काढलेला शब्द ते फाईलवर लिहायचे, आणि ताई चिठ्ठी घेऊन ब्याऐंशी पायऱ्या चढायची. डॉक्टर तिची वाटच बघत असायचे. चष्मा कपाळावर सरकवून, खुर्ची मागे रेटून ते शब्दाचं कूळ आणि मूळ सांगायला लागायचे. एकदा त्यांनी यादीतल्या अर्टिकेरियाचीच कुळकथा सांगितली. "ताई, अर्टिका हे लॅटिनमध्ये एका झाडाचं नाव. पानाला बारीक काटेरी केस असतात. नुसतं हाताला लागलं की आग आग होते आणि गांधी उठतात. म्हणून अंगावर पित्त उठलं की त्याला त्या झाडाचं नाव!" ताई हे सगळं एका वहीत उतरवून ठेवायची. शाळा नववीत सुटलेल्या बाईला एवढा मोठा माणूस खुर्ची देऊन शिकवतो, ह्याचं तिला फार अप्रूप होतं. वहीची एकोणीस वर्षांत शंभरावर पानं भरली होती.

आणि मग, त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना, अबोला झाला.

झालं ते अगदी क्षुल्लक. डॉक्टरांच्या खोलीत पाच-सहा शिकाऊ डॉक्टर उभे होते. ताई चिठ्ठी घेऊन गेली, तर डॉक्टरांना लहर आली. म्हणाले, "ह्या ताई म्हणजे माझा चालता-बोलता कोश. विचारा काहीही!" आणि त्यांनीच एक शब्द विचारला. ताईनं छाती फुगवून अर्थ सांगितला. तो चुकला. डॉक्टर खो-खो हसले. "ताई, तुमची वही नापास!" पोरंही हसली. डॉक्टरांच्या मनात काही नव्हतं, हे आज कुणीही सांगेल. पण ताईला ते झोंबलं. ती हातातली चिठ्ठी न दाखवताच खाली आली, आणि तीन आठवडे वर फिरकली नाही. त्यांना हवं असेल तर येतील खाली, असं ती धाकटीला म्हणाली. ताईचा राग असाच, नाकावर बसलेला.

त्या तीन आठवड्यांत शब्दवाल्यांचे चार शब्द खाली आले. ताईनं चार चिठ्ठ्या लिहिल्या, पेटीत टाकल्या आणि फायली नियमाप्रमाणे कपाटात लावल्या. पुढे राग ओसरला. निरोप समारंभाच्या दिवशी विचारून घेऊ, असं तिनं ठरवलं. त्या दिवशी डॉक्टरांभोवती ही गर्दी. ताईला त्यांनी लांबूनच हात केला, तिनंही केला. महिन्याभरात बातमी आली की डॉक्टरांना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ताई खूप रडली. चिठ्ठ्यांची आठवण तिला त्या रडण्यात झाली नाही, आणि नंतर तर झालीच नाही.

त्याला वर्ष होऊन गेल्यावर एका मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. धाकटी होती. आवाजावरूनच कळत होतं की वॉर्ड भरलेला आहे आणि ती एका हातानं काहीतरी करते आहे.

"ताई, हातमोज्यांच्या कारखान्यातली शिवणकाम करणारी बाई आहे. बोटात सुई गेली, पू झालाय. अँटिबायोटिक द्यायचंय." तिनं नंबर सांगितला. "लाल की कोरी?"

ताई उठली, कपाटाशी गेली, परत आली. "कोरी."

"नक्की? नाही, ही बाई म्हणते की मागं हिला ह्याच इंजेक्शननं काहीतरी झालं होतं. थांब, काय म्हणालात मावशी? हां. निडोसिस. निडोसिस झालं होतं म्हणते. दोनदा सांगितलं तिनं. इथल्या वॉर्डाच्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनी ऐकलेलं नाही. हे काय असतं गं?"

ताईला हसू आलं. खरंच आलं, पुढे तिनं ते कुणापासून लपवलं नाही. किती तरी दिवसांनी शब्दवाल्यांचा आवाज कानावर आल्यासारखं तिला वाटलं. "अगं, आपल्या शब्दवाल्यांचं असेल काहीतरी फॅड. ते शिंकेलासुद्धा चार अक्षरी नाव द्यायचे. फाईल कोरी आहे. टोच तू."

धाकटीही हसली. तिनं फोन ठेवला आणि टोचलं.

अकरा वाजायच्या आत धुलाईखान्यातल्या बायका जिन्यात गोळा झाल्या होत्या. वर धावपळ चालली होती. हातमोजेवालीच्या अंगावर आधी लाल गांधी उठल्या, मग ओठ सुजले, मग गळा. डॉक्टरांनी जे जे करायचं ते सगळं केलं. साडेअकराला त्यांनी हात थांबवले. बोट दुखतंय म्हणून स्वतःच्या पायांनी चालत आलेली बाई होती ती.

ताईनं पत्र्याची पेटी टेबलावर उपडी केली. तळाशी, चौदा महिन्यांपूर्वीची, तिच्या स्वतःच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी सापडली. वर तोच नंबर, खाली एकच शब्द: निडोसिस. मग ती पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयात गेली. तिथला जाडजूड वैद्यकीय कोश कुणी वर्षानुवर्षं उघडलेला नव्हता. तिला पान सापडायला वेळ लागला नाही. समोर तीन शब्द होते. "निडोसिस: अर्टिकेरिया पाहा."

तिसरा शब्द. भिंतीवरच्या यादीतला तिसरा. ताई तिथेच, दोन कपाटांच्या मधल्या अरुंद जागेत, जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकसाहेबांनी तिला बोलावलं. हा गृहस्थ वाईट नव्हता. पण त्याच्या टेबलावर काच होती, काचेखाली नियम होते, आणि काचेवर बोट ठेवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. चौकशी बसणार होती. धाकटीनं नियमाप्रमाणे फाईल वर मागवली नाही, पेशंटनं सांगूनही मागवली नाही, म्हणून तिची नोकरी जाणार आणि नर्सांच्या नोंदवहीतून नावही कटणार, हे जवळपास ठरलेलंच होतं.

"पण साहेब, फोनवर मी सांगितलं. कोरी आहे, टोच म्हणून मी म्हणाले. आणि ही चिठ्ठी बघा."

साहेबांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. "ताई, ही पेटी कुठल्या दप्तरात आहे का? नाही. फोनची पद्धत कुठे लिहिलेली आहे का? तीही नाही. शिवाय ह्या शब्दाचा अर्थ तुम्ही सांगून चालणार नाही. यादीबाहेरच्या शब्दाचा अर्थ ज्यानं लिहिला त्यानंच द्यायचा, हा तुमच्याच खोलीचा नियम. त्यांची सही आणा. पित्त उठलं होतं आणि म्हणून मी असं लिहिलं, एवढं दोन ओळींत. मग निदान चिठ्ठी पुढे ठेवता येईल आणि दोष एकटीच्या अंगावर राहणार नाही." थोडं थांबून, आवाज उतरवून ते म्हणाले, "नाहीतर माझं ऐका. फाडून टाका ती. एकीचं जायचं ते जाईलच. दोघींचं कशाला घालवता?"

धाकटी घरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईनंच तिला वाढवलेलं. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती, आणि पुढे तिला नर्स करायचं म्हणून ताईनं स्वतःचं लग्नबिग्न सगळं बाजूला ठेवलं होतं. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तशीच, न वळता बोलली.

"ताई, तू हसलीस ना, म्हणून मी टोचलं. तू नुसतं 'मला माहीत नाही' म्हणाली असतीस तर मी थांबले असते."

ताईनं हात तसाच ठेवला, आणि थोड्या वेळानं तोही काढून घेतला.

गुरुवारी दुपारी ताई शब्दवाल्या डॉक्टरांच्या घरी गेली. दार डॉक्टरीणबाईंनी उघडलं. "या ताई, किती दिवसांनी! तुमची आठवण काढतात हो. म्हणजे काढत असतील असं मला वाटतं." आत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत डॉक्टर बसले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला. ताईला बघून त्यांचा अर्धा चेहरा उजळला.

"बरं," ते म्हणाले. "बरं, बरं, बरं!"

"एवढा एकच शब्द उरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी हवं तरी बरं, राग आला तरी बरं. कळतं त्यांना सगळं. पण शब्द सापडत नाही. लिहिताही येत नाही, डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या होतात." आणि त्या चहा करायला आत गेल्या.

ताई समोरच्या खुर्चीच्या टोकाशी बसली. पिशवीतून चिठ्ठी काढून तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

डॉक्टरांनी वाचलं. मग त्यांचा डावा हात एकदम उठला. "बरं!" ते म्हणाले, आणि बोटानं पुस्तकांच्या कपाटाकडे दाखवायला लागले. ताईनं एकेका पुस्तकाला हात लावून बघितला. "बरं" म्हणजे हे नाही, पुन्हा "बरं" म्हणजे हेही नाही. चौथ्या फळीवरच्या एका मोठ्या, झाडांच्या चित्रांच्या पुस्तकाला हात लागला तसे ते खुर्चीत उसळले. तिनं ते त्यांच्या मांडीवर उघडून ठेवलं. डाव्या अंगठ्यानं पानं ढकलत, मध्येच चार-चार पानं एकदम उलटत, परत मागे येत ते एका चित्रावर थांबले.

दातेरी कडांची पानं, देठावर बारीक केस. खाली दोन ओळी छापलेल्या होत्या. पहिल्या ओळीत लॅटिन नाव, अर्टिका. दुसऱ्या ओळीत, ग्रीक लोक ह्याच झाडाला निडे म्हणत असत, एवढंच. डॉक्टरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या ओळीवर, मग चित्रातल्या पानावर, आणि मग ताईचं मनगट पकडून तिच्या हातावर आपली नखं हळूच वरखाली फिरवली. खाज. आग. गांधी. त्यांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. एकच झाड, ताई! एकानं अर्टिका म्हटलं, दुसऱ्यानं निडे. त्याचं झालं अर्टिकेरिया, ह्याचं झालं निडोसिस. एकच दुखणं, एकच पान! हे सगळं ते म्हणाले, पण ताईच्या कानावर आलं ते "बरं, बरं, बरं" एवढंच.

एकोणीस वर्षांत त्यांनी इतकं छान कधी शिकवलं नव्हतं. आणि त्यांना माहीत नव्हतं ती का विचारते आहे. ताईच्या मनात आलं, सांगावं. तुमच्या ह्या झाडानं माणूस मेलं म्हणावं. पित्त असं लिहिलं असतं तर मी लाल टिकली लावली असती, धाकटी आज कामावर असती आणि ती बाई मोजे शिवत असती. एवढे शब्द ओठांपर्यंत आले. पण समोरचा माणूस चित्रावरून बोट उचलायला तयार नव्हता.

"सहज आठवलं म्हणून विचारलं, डॉक्टर," ती म्हणाली. "वहीत राहून गेलं होतं."

तिनं बरोबर आणलेला कागद काढला. वर दोन ओळी तिनंच लिहून आणल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी शाईची गादी शोधली आणि डॉक्टरांनी आनंदानं, काही न विचारता, डावा अंगठा उमटवला. चहा गार झाला होता, तो सगळ्यांनी तसाच घेतला.

चौकशी सोमवारी झाली. लांबट टेबलामागे तिघं बसले होते, अधीक्षकसाहेब बाजूला. ताईनं काहीही लपवलं नाही. अबोल्यापासून सगळं सांगितलं, हसल्याचंसुद्धा. चिठ्ठी ठेवली, अंगठ्याचा कागद ठेवला. मधल्या गृहस्थांनी कागद उचलून उजेडात धरला.

"ह्यांना बोलता येतं?"

"नाही."

"लिहिता?"

"नाही. पण कळतं सगळं. त्यांनी मला झाड दाखवलं."

"झाड," मधले म्हणाले आणि त्यांनी कागद खाली ठेवला. "पेटीची नोंद ठेवता?"

"नाही."

"फोनवर फाईलची माहिती द्यायची पद्धत आहे, असं तुम्ही म्हणता. साहेब, आपल्याला कल्पना होती?"

अधीक्षकसाहेबांनी कानावर हात ठेवले. अशी पद्धत आपल्या कानावर कधीच आली नाही, असं ते म्हणाले. गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या सासूबाईंसाठी खाली फोन करून "ताई, लाल की कोरी?" असं विचारलं होतं. ताईनं त्यांच्याकडे बघितलं. ते काच शोधत होते, पण त्या टेबलावर काच नव्हती.

"आणि तुम्ही त्या नर्सच्या सख्ख्या बहीण ना?" टोकाच्या बाईंनी विचारलं. अगदी मायेनं विचारलं. तिथेच सगळं संपलं.

अहवालात ताईची साक्ष एका ओळीत आटोपली होती: बहिणीच्या प्रेमापोटी दिलेली, कागदोपत्री आधार नसलेली. धाकटीची नोकरी गेली आणि नाव कटलं. ताईला काहीही झालं नाही. साधा ठपकासुद्धा नाही, कारण नियमाप्रमाणे तिचं काही चुकलंच नव्हतं. यादीबाहेरचा शब्द तिनं चिठ्ठीवर लिहिला होता, चिठ्ठी पेटीत टाकली होती, फाईल कपाटात लावली होती. तिनं स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केला तर तो कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. धाकटीनं बॅग भरली आणि लांबच्या एका गावी म्हाताऱ्यांच्या आश्रमात आया म्हणून गेली. जाताना ती भांडली नाही. भांडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

भिंतीवर नवी यादी आली. बारा शब्दांची. सोबत एक परिपत्रकही आलं, फोनवर माहिती देऊ नये म्हणून. आठ दिवस नर्सा फायली मागवत राहिल्या, ताई पायऱ्या चढत राहिली. नवव्या दिवशी फोन वाजला. "ताई, फक्त एवढ्या एकीचं सांगा ना, वॉर्डात पाय ठेवायला जागा नाहीये." ताई फाईल घेऊन चढली. वर पोहोचेपर्यंत इंजेक्शन देऊन झालं होतं. त्या बाईला काही झालं नाही, आणि मग पुढे कुणी फाईलची वाटही बघेना.

महिन्याभरानं हातमोजेवालीचा नवरा खाली आला. कुलपं दुरुस्त करणारा, सावळा, बुटका माणूस. बोटांना तेलाचा काळेपणा मुरलेला. त्याला कुठल्याशा अर्जासाठी बायकोच्या जुन्या फाईलची नक्कल हवी होती. ताईनं त्याला खुर्ची दिली. फाईल काढली, पाठीवर आता लाल टिकली होती, आणि शेवटच्या पानाची नक्कल करून त्याच्यापुढे ठेवली.

तो बोट धरून वाचत गेला आणि थांबला. "हाच तो शब्द. ताई, ह्याचा अर्थ काय हो?"

"अंगावर पित्त उठणं."

त्यानं मान वर केली. "पित्त? आपलं साधं पित्त?"

"हो."

"पण घरी ती पित्तच म्हणायची की!" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मागं घरी आली तेव्हा सगळ्यांना सांगत होती, सुई टोचली आणि अंगभर पित्त उठलं म्हणून. पण डॉक्टरांनी तिला बजावलं होतं ना, पुढं कधी दवाखान्यात गेलीस तर हे आठवणीनं सांग. मग ती म्हणाली, दवाखान्यात आपलं गावठी बोलून कसं चालेल, त्यांचा शब्द त्यांना सांगायला हवा. नाहीतर समजायचं नाही त्यांना." त्यानं खिशातून एक लहानशी, चेनची पर्स काढली. आत दोन सुया टोचलेला कापडाचा तुकडा होता आणि चार घड्या घातलेला कागद. कागदावर, जेमतेम लिहिता येणाऱ्या हातानं, एकाखाली एक सात-आठ वेळा तोच शब्द गिरवलेला होता. वरचे वाकडे होते. शेवटचा अगदी सुबक आला होता.

"स्वयंपाक करताना पाठ करायची," तो म्हणाला. "मी हसायचो."

ताईनं फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आता लपवण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नव्हतं. "त्या दिवशी फोनवर मी होते," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तेव्हा मीपण हसले."

धुलाईखान्यातलं मोठं यंत्र घरघरत थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्यानं कागदाच्या घड्या पुन्हा जशाच्या तशा घातल्या, एक, दोन, तीन, चार. मग त्यानं विचारलं, आणि त्यात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तिचं काय चुकलं, ताई? शब्द चुकीचा सांगितला का तिनं?"

"नाही," ताई म्हणाली. "अगदी बरोबर सांगितला होता."